मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णाचे सार्वजनिक विम्यातील दिवस उपचार अर्धवट असताना का संपतात?

धागाकर्ती

माझा थोरला भाऊ अकरा वर्षांपासून बायपोलर विकाराने, म्हणजे कधी तीव्र नैराश्य तर कधी अतिउत्साह आणणाऱ्या आजाराने, आजारी आहे. या खेपेला नैराश्य इतके वाढले की त्याने अन्नपाणी सोडले, आणि डॉक्टरांनी त्याला दाखल करून ईसीटी, म्हणजे विद्युत-उपचार, सुरू करायला सांगितले. एकूण आठ वेळा उपचार द्यायचे ठरले होते. पाच झाले होते, तो स्वतःच्या हाताने जेवू लागला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात रुग्णालयाच्या विमा-कक्षातून आम्हाला सांगण्यात आले की सरकारी आरोग्य विम्यातून मानसोपचारासाठी मिळणारे दिवस संपले आहेत, तेव्हा पुढचा खर्च स्वतः भरा किंवा रुग्णाला घरी न्या. आम्ही उसनवारी करून उरलेले तीन उपचार पूर्ण केले. तो आता घरी आहे आणि बरा आहे, त्यामुळे हा प्रश्न तातडीचा नाही. पण हा आजार उलटून येणारा आहे आणि पुढच्या वेळी आम्हाला असे गाफील राहायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. तेव्हा याच विम्यातून त्यांचे उपचार झाले, मध्ये गुंतागुंत होऊन मुक्काम लांबला, तरी एकदाही कोणी आमच्यासमोर दिवसांचा हिशेब मांडला नाही. एकाच घरातल्या दोन माणसांना, एकाच विम्याखाली, दोन वेगळे न्याय का लागले हे मला समजून घ्यायचे आहे. या मर्यादेला काही वैद्यकीय आधार असतो का? रुग्णालय कोणत्या प्रकारचे आहे यावरून फरक पडतो का? आणि उपचार चालू असताना दिवस संपत आले, तर कुटुंबाने नेमके काय करावे? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. आरोग्यविषयक कायदे आणि त्यांचा इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे: मानसिक आजाराच्या बाबतीत सार्वजनिक विम्याचे नियम बहुतेकदा आजाराकडे पाहून लिहिलेले नसतात, ते इमारतीकडे पाहून लिहिलेले असतात.

अमेरिकेचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. तिथे ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात, स्वतंत्र मनोरुग्णालयात दाखल होण्यासाठी उभ्या आयुष्यात मिळून १९० दिवस मंजूर आहेत. तीच व्यक्ती, त्याच निदानासाठी, सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल झाली तर ते दिवस या १९० मध्ये धरले जात नाहीत, आणि तिला इतर आजारांच्या रुग्णांचेच नियम लागू होतात. आजार तोच, औषध तेच, फक्त फाटकावरची पाटी वेगळी. गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या दुसऱ्या सरकारी विम्यात १९६५ पासून एक कलम आहे, आणि त्याच्या आजच्या रूपात मुख्यतः मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या, सोळापेक्षा जास्त खाटांच्या संस्थेत २१ ते ६४ वयाचा रुग्ण दाखल असेल, तर केंद्र सरकार त्याच्या खर्चातील आपला वाटा देत नाही. पुढे काही अपवाद केले गेले, परंतु मूळ कलम अजून जागेवर आहे. कॅनडाच्या १९८४ च्या आरोग्य कायद्यात तर 'रुग्णालय' या शब्दाच्या व्याख्येतूनच मुख्यतः मनोरुग्णांसाठी असलेल्या संस्था वगळल्या आहेत. प्रांत आपापल्या पैशातून त्या चालवतात, परंतु राष्ट्रीय कायद्याने विमित रुग्णालय-सेवांना दिलेले संरक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

असे का झाले? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मनोरुग्णालये ही राज्यांच्या किंवा प्रांतांच्या तिजोरीतून चालणारी प्रचंड वसतिस्थाने होती. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. नवा केंद्रीय विमा आला तेव्हा केंद्राला भीती वाटली की राज्ये आपल्या डोक्यावरचा हा सगळा जुना भार अलगद आपल्याकडे सरकवतील. म्हणून दार सुरुवातीलाच बंद केले गेले. याच्या जोडीला एक सद्हेतूही होता, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल: त्या काळातील सुधारकांना माणसांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या संस्था मोडायच्या होत्या, आणि पैसा थांबला की त्या आपोआप ओस पडतील असे त्यांना वाटत होते. १९६३ च्या अमेरिकी कायद्याने वस्तीपातळीवर मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याचे ठरवले होते; जुन्या संस्था रिकाम्या होत गेल्या, पण त्यांची जागा घेणारी केंद्रे ठरल्याप्रमाणे उभी राहिली नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होतानाच मनोरुग्णालये तिच्यात सामील करून घेतली गेली. तिथे निधीची चणचण आहे, खाटांची टंचाई आहे, तरी 'तुमचे दिवस संपले' असे विम्याच्या खिडकीतून सांगण्याची पद्धत रुजली नाही.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की ठरावीक दिवसांच्या मर्यादेला वैद्यकीय आधार नाही. तिला हिशेबाचा आणि इतिहासाचा आधार आहे.

कायद्याची दिशा आता बदलली आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील पंचविसावे कलम आरोग्य विम्यातील भेदभावाला मनाई करते, आणि दीर्घकालीन मानसिक आजाराने येणारे अपंगत्व त्या कराराच्या कक्षेत येते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २१ म्हणते की प्रत्येक विमाकर्त्याने मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांच्याच पायावर वैद्यकीय विम्याची तरतूद केली पाहिजे. अमेरिकेतही विम्यात मानसिक आणि शारीरिक आजारांना समान वागणूक देण्याविषयीचा २००८ चा कायदा आहे, मात्र तो मेडिकेअरला लागू नाही, म्हणूनच ते १९० दिवस अजून टिकून आहेत. आपल्या विम्याच्या नियमपुस्तिकेत मर्यादा आजाराच्या नावाने घातली आहे की संस्थेच्या प्रकाराने, हे आधी शोधा. संस्थेच्या प्रकाराने घातली असेल, तर पुढच्या वेळी सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखल करण्याने बराच फरक पडू शकेल.

प्रतिसाद २

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वरील प्रतिसादातील इतिहासाशी मी सहमत आहे, पण वॉर्डात रोज दिसणारी एक गोष्ट त्यात जोडली पाहिजे: आमची औषधे आणि विम्याचे दिनदर्शिकेचे पान यांचा मेळ बसत नाही.

बायपोलर विकारात मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी देतात त्या लिथियमचा डोस बदलला तर रक्तातील पातळी स्थिर व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, आणि ती तपासल्याखेरीज पुढचा डोस ठरवता येत नाही. नैराश्यविरोधी गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून अधिक. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठी (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजारासाठी) क्लोझापिन हे औषध द्यावे लागते, ते अगदी थोड्या मात्रेने सुरू करून पायरीपायरीने वाढवावे लागते आणि सुरुवातीच्या काळात पांढऱ्या पेशींसाठी दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. ईसीटीचा एक क्रम सहसा सहा ते बारा वेळांचा असतो, आणि आठवड्यात दोन किंवा तीनच वेळा देतात. आपल्या भावाचे आठ उपचार म्हणजे हिशेबाने तीन ते चार आठवडे झाले. ही गणना पहिल्या दिवशीच करता येते; म्हणून दाखल होताना मंजूर झालेले दिवस त्याहून कमी असतील, तर अडचण कधी येणार हे त्याच दिवशी माहीत असते. उपचार करणाऱ्या पथकाने हे कुटुंबाला तेव्हाच सांगायला हवे होते. तसे झाले नाही ही आमच्या व्यवसायाची चूक आहे, आणि ती वारंवार होते.

वडिलांशी आपण केलेल्या तुलनेचे कारणही इथेच सापडेल. हृदयाच्या झटक्याला पॅकेज बांधता येते, कारण निदान कळले की सरासरी किती दिवस आणि किती खर्च लागेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मानसिक आजारात निदानावरून मुक्कामाचा अंदाज फारच कच्चा येतो. एकाच निदानाचे दोन रुग्ण, एक नवव्या दिवशी घरी जातो आणि दुसरा चाळिसाव्या दिवशी. अमेरिकेत १९८३ साली निदानानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली, तेव्हा याच कारणासाठी मनोरुग्णालयांना आणि पात्र मानसोपचार विभागांना तिच्यातून बाहेर ठेवले गेले. २००५ पासून तिथे दिवसागणिक दर दिला जातो, तो पहिल्या दिवसांत जास्त आणि पुढे हळूहळू कमी होत जाणारा असतो, आणि ईसीटीसाठी प्रत्येक वेळेमागे वेगळी रक्कम मिळते. मला ही रचना पुष्कळ समंजस वाटते, कारण तिच्यात रेंगाळण्याला उत्तेजन नाही आणि उपचार मध्येच तोडण्याची सक्तीही नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मानसोपचार वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचा असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. विम्याचे दिवस संपले म्हणून झालेला डिस्चार्ज रुग्णाला नेमका त्या आठवड्यात ढकलतो. म्हणून दिवस खरोखरच वाढत नसतील, तर निदान सात दिवसांच्या आत पुढची भेट ठरलेली असावी, औषधे घरातल्या एका व्यक्तीच्या ताब्यात असावीत आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा ते कागदावर लिहून मिळावे, एवढे घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.

प्रतिसाद ३

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी एका मोठ्या मनोरुग्णालयात अनेक वर्षे समाजसेवक म्हणून काम केले आहे. त्या संस्थेत अशी माणसे होती की ज्यांचे उपचार केव्हाच पूर्ण झाले होते, परंतु त्यांना न्यायला कोणीही आले नाही, आणि खाटेचा पैसा मिळत राहिल्यामुळे त्यांना बाहेर काढण्याची घाई कोणालाच नव्हती. दिवसांची मर्यादा काढून टाका, ही मागणी ऐकली की मला ती माणसे आठवतात.

जपानमध्ये १९६१ पासून सर्वांना विमा आहे आणि मानसिक आजारांसाठीचा मुक्कामही त्यात येतो. तिथल्या मानसोपचार खाटा बहुतांशी खासगी रुग्णालयांत आहेत, आणि सरासरी मुक्काम जगातील सर्वाधिक लांब मुक्कामांपैकी आहे. तो आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावा लागतो. उलट इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयांत नवे रुग्ण घेणेच थांबवले, आणि सर्वसाधारण रुग्णालयांत जास्तीत जास्त पंधरा खाटांचे लहान विभाग ठेवून बाकीचे काम वस्तीतील केंद्रांकडे सोपवले. दोन्हीकडे सार्वजनिक पैसाच होता. तो कुठे आणि कोणत्या अटीवर दिला, त्याने सगळा फरक पडला.

ताईंच्या भावावर अन्याय झाला याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की आकडा काढून टाकल्यावर त्याच्या जागी काहीतरी यावे लागते, आणि ते म्हणजे ठरावीक काळाने, रुग्णालयाबाहेरच्या जाणकारांनी, रुग्णाशी प्रत्यक्ष बोलून घेतलेला आढावा. भारतीय कायद्यात रुग्णाच्या स्वतःच्या संमतीवाचून दाखल केल्यास तीस दिवसांनंतर असा पुनर्विचार सक्तीचा आहे. तोच विचार विम्याच्या मुदतवाढीलाही लावता येईल.

धागाकर्ती

आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ विचार करत होते. माझ्या मनात फक्त माझा भाऊ होता. ज्यांना न्यायला कोणी येत नाही त्यांचा विचार मी केला नव्हता. आढाव्याला आमची काहीच हरकत नव्हती, उलट कोणी येऊन भावाला पाहिले असते तर बरे झाले असते. आम्हाला भेटला तो केवळ एक आकडा. मुदतवाढ मागता येते हेही आम्हाला कोणी सांगितले नव्हते. ती कशी मागायची, हे कोणी लिहू शकेल का?

प्रतिसाद ४

मी विमा दाव्यांची वैद्यकीय छाननी करण्याचे काम केले आहे, म्हणजे आपल्या भावासारख्या रुग्णांचे कागद टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहेत. छाननी करणाऱ्याला रुग्ण दिसत नाही. त्याला केसपेपर दिसतो. त्यामुळे केसपेपरवर जे लिहिलेले नाही ते त्याच्यासाठी घडलेलेच नसते.

मुदतवाढ नामंजूर होण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे एक शब्द: 'स्थिर'. मानसोपचार वॉर्डात नाडी आणि रक्तदाब ठीक आहे एवढ्याच अर्थाने परिचारिका रोज 'रुग्ण स्थिर' असे लिहितात, आणि छाननी करणारा त्याचा अर्थ 'घरी जाण्यायोग्य' असा घेतो. दुसरे कारण, दाखल करताना लिहिलेला 'निरीक्षणासाठी' हा शब्द. केवळ निरीक्षणासाठीचा मुक्काम बहुतेक योजनांत बसत नाही. डॉक्टरांनी त्याऐवजी जे प्रत्यक्ष घडत आहे तेच लिहावे: रुग्ण किती जेवला, किती झोपला, मरणाचे विचार बोलून दाखवतो का, आजारपणाच्या तीव्रतेच्या मोजपट्टीवर दाखल होताना किती गुण होते आणि आज किती आहेत, ईसीटीच्या कितव्या वेळेपर्यंत आलो आहोत आणि इथे थांबवल्यास काय होण्याचा संभव आहे. यात कोणतीही अतिशयोक्ती करावी लागत नाही.

मुदतवाढीचा अर्ज मंजूर दिवस संपण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी गेला पाहिजे, कारण मुदत उलटल्यावर आलेला अर्ज पुष्कळ ठिकाणी नवा दावा म्हणून पाहिला जातो. नकार आला तर तो तोंडी स्वीकारू नका. कोणत्या नियमाखाली नाकारले त्याचा क्रमांक आणि कारण लेखी मागा, कारण तक्रार निवारणाच्या पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच कागद लागतो, आणि माझा अनुभव असा आहे की लेखी कारण मागितल्यावर काही नकार आपोआप मागे घेतले जातात. दिवस कसे मोजतात हेही आधीच विचारून ठेवा. मर्यादा प्रत्येक वेळेच्या दाखल होण्याला आहे, वर्षाला आहे की आयुष्याला, आणि आधी शारीरिक त्रासासाठी दुसऱ्या वॉर्डात काढलेले दिवस तिच्यात धरले जातात का, याची उत्तरे योजनेगणिक वेगळी असतात.

इथे एका मोहापासून सावध करतो. काही ठिकाणी सहानुभूतीपोटी मूळ निदान लपवून 'अशक्तपणा' किंवा 'ताप' असे लिहिण्याचा मार्ग सुचवला जातो. तसे करू नका. दावा त्या वेळी निघून जाईलही, पण पुढच्या वेळी तोच खोटा कागद आडवा येतो, आणि भावाचा खरा आजार नोंदीतून पुसला जातो. मात्र खरोखर असलेला शारीरिक त्रास अवश्य नोंदवला जावा. ज्याने अन्नपाणी सोडले होते त्याच्या शरीरातील पाणी कमी झाले असणार, क्षारांचे प्रमाण बिघडले असणार. तेही त्याच्या आजाराचेच भाग आहेत आणि ते दिवस कदाचित मानसोपचाराच्या खात्यावर पडणारही नाहीत.

स्वतःला इजा केल्यामुळे दाखल झालेल्या रुग्णांबाबत आणखी एक अडथळा येतो. हेतुपुरस्सर केलेल्या इजेला भरपाई नाही, असे कलम अनेक विम्यांत असते. तेव्हा ती इजा मानसिक आजाराच्या ओघात झाली, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहिणे महत्त्वाचे ठरते.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्या डॉक्टर)

वरील 'स्थिर' शब्दाबद्दलचे म्हणणे अगदी खरे आहे. उद्यापासून आमच्या वॉर्डातील नोंदींत मी स्वतः तो शब्द तपासणार आहे.

ताई, आपल्या भावासाठी आणखी एक विचारून ठेवा. ईसीटीने बरे वाटल्यावर आजार उलटू नये म्हणून काही रुग्णांना महिना-दीड महिन्याच्या अंतराने एकेक उपचार चालू ठेवतात, त्यासाठी सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येते. आपल्या योजनेत हे दिवसभराचे उपचार म्हणून मंजूर होते की रात्रीचा मुक्काम नसल्याने नाकारले जाते, हे आत्ताच लेखी घ्या. ज्या योजना फक्त रात्रीच्या मुक्कामालाच पैसे देतात, त्या आजार बळावेपर्यंत वाट पाहायला लावतात आणि मग दाखल झालेल्याचे दिवस मोजतात. जर्मनीत २०१८ पासून वैधानिक आरोग्य विमा याच्या पुढे गेला आहे: रुग्णालयात दाखल करण्याइतका आजार असलेल्या माणसाच्या घरी मानसोपचाराचे पथक रोज जाते, आणि ते उपचार वॉर्डातील उपचारांच्या तोडीचे धरून त्यांचे पैसे विमा देतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. नियमपुस्तिका मिळवली आहे. आमच्या विम्यातील मर्यादा 'प्रत्येक दाखल होण्याला' अशी लिहिलेली आहे आणि तिच्याखाली 'उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या लेखी शिफारशीने वाढवता येईल' असे एक वाक्य आहे, जे आम्हाला त्या खिडकीवर कोणीच वाचून दाखवले नाही. सोमवारी मी आणि भाऊ, दोघेही, त्या मुक्कामाचे पूर्ण केसपेपर मागायला जाणार आहोत. अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.